पाट्याचे बुश तीनदा बदलले, खडखड तशीच: जुन्या व्हॅनखालचा आवाज शोधताना

गेल्या चतुर्थीला गावी निघालो होतो. व्हॅनमध्ये सहा माणसं, मखराचं सामान, आईच्या पिठाच्या पिशव्या. पनवेलपर्यंत सगळं ठीक होतं, आणि पुढे पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मागच्या डाव्या बाजूने 'खटाक्' आलं. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, कुकरचं झाकण नीट लावलंस ना?" झाकण नीट होतं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. चौदा महिन्यांत त्याच जागचे पाट्याचे, म्हणजे लोखंडी पात्यांच्या स्प्रिंगचे, रबरी बुश (जोडातल्या रबरी नळ्या) तीनदा बदलून झाले होते. दर वेळी दोन-तीन आठवडे शांतता, मग पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर हलकी टकटक, आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा खटाक्.

कारण सापडलं ते बुशच्या बाहेर. पाट्याचं पुढचं टोक ज्या ब्रॅकेटमध्ये बसतं तो ब्रॅकेट गाडीच्या तळाच्या पेटीसारख्या पट्टीला वेल्ड केलेला असतो. ती पट्टी आतून कुजली होती. वरचा गंजरोधक काळा कोट अगदी शाबूत. पण अंगठ्याने दाबला की आत जायचा, रिकाम्या बिस्किटाच्या पुड्यासारखा. नवा बुश घालताना मिस्त्री बोल्ट करकचून आवळायचे, त्यामुळे तो पत्रा थोडे दिवस चिमटीत धरल्यासारखा राहायचा. मग पुन्हा लवायला लागायचा, बोल्टचं भोक लंबगोल व्हायचं, बुशवर तिरका भार यायचा आणि नवाकोरा रबर फाटायचा. फाटलेला बुश हातात घेऊन आम्ही सगळे म्हणायचो, बघा, बुशच गेलाय.

तर सांगायचं ते एवढंच. मुंबईत दहा-बारा वर्षं काढलेल्या व्हॅनचा आवाज भाग बदलल्यावर जातो आणि परत येतो, असं दोनदा झालं, तर तिसऱ्यांदा तोच भाग आणायला जाऊ नका. तो भाग ज्याला अडकवलाय तो पत्रा आधी ठोकून बघा.

गाडीखाली नक्की काय आहे

गॅरेजवाल्याशी बोलण्याआधी एवढं माहीत असावं. मारुतीची ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती आणि तिच्या मागच्या बाजूला शेवटपर्यंत पाटेच होते. २०१० मध्ये आलेल्या इकोला मागे सलग ॲक्सल आहे, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि तो ॲक्सल जागेवर धरणारे आर्म, म्हणजे लोखंडी दांडे. दोन्हींना पुढे स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात. या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. २००५ साली आलेली पहिली इनोव्हा मात्र शिडीसारख्या चॅसीवर उभी आहे, पुढे वर-खाली दोन आर्म, मागे कॉइल आणि चार आर्म. तवेरालाही चॅसी, मागे पाटे.

याचा अर्थ काय? बिनचॅसीच्या गाडीत फ्लोअर, मडगार्डची आतली बाजू आणि तळाची पट्टी कुजली की सस्पेन्शन धरायलाच काही उरत नाही. चॅसीवाल्या गाडीत वेळ जरा जास्त मिळतो, पण चॅसीच्या बंद पेट्या आतून गंजतात आणि वरून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. इनोव्हावाले "आपली चॅसी लोखंडाची आहे, काय होतंय" म्हणतात. लोखंडाची आहे म्हणूनच होतंय.

रात्री साडेअकराचा प्रयोग

आवाज दिवसा शोधू नका. दिवसा आपल्या रस्त्यावर हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. रात्री उशिरा, सोसायटीच्या मागची रिकामी गल्ली, खिडक्या खाली, पंखा आणि रेडिओ बंद. सोबत एक माणूस हवा. मी मेव्हण्याला घेतला. त्याचे कान चांगले आहेत आणि तक्रार करायची सवयही.

त्याआधी गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर काढा. जॅक, टॉमी, छत्री, पाण्याच्या बाटल्या. स्टेपनी हाताने हलवून बघा. सायलेन्सरचे लटकते रबर आणि त्यावरचा उष्णतारोधक पत्रा हलवा. सीएनजी असेल तर टाकीच्या फ्रेमचे बोल्ट आवर्जून बघा: साठ लिटरची लोखंडी टाकी पन्नास किलोच्या वर भरते आणि तिचा एक बोल्ट सैल झाला तर आवाज थेट सस्पेन्शनचाच वाटतो. माझ्या माहितीत एकाने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले आणि खडखड निघाली सीटखाली पडलेल्या पान्याची.

आता पहिली चाचणी. एखाद्या गतिरोधकावरून गाडी सरळ न्या, दोन्ही चाकं एकदम चढू द्या. मग त्याच गतिरोधकावर तिरकी न्या, आधी एक चाक, मग दुसरं. स्टॅबिलायझर बार (डावं-उजवं चाक जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) असलेल्या गाडीत हा फरक फार बोलका असतो. दोन्ही चाकं एकत्र वर गेली की बारला पीळ बसत नाही, त्याच्या टोकाची छोटी जोडदांडी, म्हणजे लिंक रॉड, गप्प राहतो. एकच चाक वर गेलं की बार पिळतो आणि झिजलेला लिंक रॉड कटकट करतो. तेव्हा आवाज फक्त तिरक्या चढाईत येत असेल तर आधी लिंक रॉड आणि बारचे रबर बघा. सरळ चढाईतही 'धप्' येत असेल तर शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग किंवा स्प्रिंग.

दुसरी, गाडी उभी ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पुढच्या स्प्रिंगवर हलका हात ठेवलेल्या माणसाला स्प्रिंग अडखळून उडी मारल्यासारखी जाणवली तर स्ट्रटच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलंय. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा नीट बघा. तिथे स्प्रिंग बसते त्या वाटीसारख्या कपात चिखल साठतो, रंग उडतो, आणि गंजलेल्या जागी वेढा तुटतो. तुटलेला तुकडा कपातच अडकून राहिला तर गाडी नेहमीसारखी चालते, फक्त एक बाजू बोटभर खाली दिसते.

तिसरी चाचणी कुईकुईसाठी. रबरी बुशवर स्प्रेच्या बाटलीने साबणाचं पाणी मारा आणि गाडी कोपऱ्यावर दाबून हलवा. आवाज थांबला तर तोच बुश. साबणाचंच पाणी, तेल नको. पाट्यांच्या गाडीत मात्र कुईकुई दोन पाट्यांमधूनही येते. तिथे गंजाची भुकटी साठते आणि पाटे एकमेकांवर घासतात. पाटे उतरवून, वायर ब्रशने साफ करून, ग्राफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधले की काम होतं. बांधताना सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्टही बघून घ्या. तो तुटला असेल तर ॲक्सल पाट्यावर मागेपुढे सरकतो, आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालताना मागच्या माणसाला दिसते, आपल्याला नाही.

चौथी, चाक उचलून. चाकाला वर-खाली (घड्याळात १२ आणि ६) धरून हलवा, मग डावी-उजवीकडे (९ आणि ३). आडवं हलण्यात खेळ असेल तर बहुतेक टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. उभ्या हलण्यात खेळ असेल तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. तेव्हा आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. गाडी फक्त जॅकवर असताना खाली शिरू नका. घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, लावा, सपाट जागेवर लावा. कुजलेल्या पट्टीखाली जॅक लावला तर तो पट्टी फोडून आत जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, सुदैवाने खाली कुणी नव्हतं.

आमच्या गाडीत या चारही चाचण्या झाल्या आणि काही सापडलं नाही. सापडलं ते मेव्हण्यामुळे. त्याने ब्रॅकेटवर तळहात ठेवला आणि मी मागचा बंपर वर-खाली हलवला. तो म्हणाला, "दाजी, बोल्ट हलत नाहीये. आख्खा ब्रॅकेट हलतोय."

हातोडी आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हर

यानंतरचं काम दहा मिनिटांचं आहे आणि ते न करण्यात आम्ही चौदा महिने घालवले. छोटी हातोडी घ्या आणि सस्पेन्शन जिथे जिथे बॉडीला जोडलंय तिथे हलके ठोके मारत जा. चांगला पत्रा 'टण्' वाजतो. कुजलेला 'थप्' वाजतो, ओल्या मडक्यासारखा. 'थप्' आलं तिथे बोथट स्क्रू-ड्रायव्हर जोर देऊन टेकवा. आत गेला तर प्रश्न मिटला, म्हणजे मोठा झाला.

कुठे ठोकायचं? पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटभोवती आणि मागच्या शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या हलत्या कडीच्या) ब्रॅकेटभोवती. इकोसारख्या गाडीत मागचे आर्म जिथे बॉडीला बसतात तिथे. पुढे स्ट्रटचं वरचं टोक ज्या पत्र्याच्या बुरुजात बसतं त्याच्या वरच्या आणि आतल्या जोडावर. सीट बेल्टच्या बोल्टभोवती. सरकत्या दाराच्या खालच्या रुळाखाली. मॅट उचलून फ्लोअरवर, विशेषतः एसीचं पाणी जिथे थेंब थेंब पडतं तिथे. व्हॅनमध्ये आणखी एक गोष्ट: तळाच्या पट्टीला पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात. आमच्या गाडीत ती चिखलाने आणि त्यावर मारलेल्या कोटाने गच्च बंद झाली होती. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती.

जोडाजवळचा पत्रा फुगलेला दिसला तरी थांबा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांच्या मधला गंज त्यांना पाचर ठोकल्यासारखा फाकवतो. वरून रंगाला फोड आलेला असतो, आत अर्धा पत्रा गेलेला असतो.

आमच्याकडे सुरुवात कुठून झाली तेही कळलं. सीएनजी किट बसवणाऱ्याने टाकीची फ्रेम धरायला फ्लोअरला चार भोकं पाडली होती आणि त्यांच्या कडांना ना प्रायमर ना रंग. त्या उघड्या कडांमधून गंज पसरत पट्टीपर्यंत पोचला. किट कुणी बसवलं ते सांगण्यात अर्थ नाही, चार ओळखीच्यांच्या गाड्या बघितल्या, चारही तशाच. तुमच्याकडे किट नंतर बसवलेलं असेल तर ती भोकं आजच बघा.

मिठाची बरणी

पाऊस पडतो म्हणून गाड्या गंजतात, असं आपण धरून चालतो. थोडं खरं आहे. पण पावसाचं पाणी गाडीखालून निथळून जातं. राहतं ते मीठ. वरळी सी फेसला किंवा बँडस्टँडला भरतीच्या वेळी उडणारे तुषार सगळ्यांना दिसतात. न दिसणारं मीठ मात्र वाऱ्याबरोबर आतपर्यंत येतं. शिवाय पावसाळ्यात मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की नाल्यांची तोंडं भरतीखाली जातात आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यात समुद्रही थोडा मिसळतो. त्यातून गाडी गेली की ते पाणी पट्ट्यांच्या आत शिरतं.

मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, आपण तांदळाचे दाणे टाकतो, तेच. मुंबईत पावसाळ्यात दिवसरात्र आणि एरवीही कित्येक पहाटे हवा त्याहून दमट असते. म्हणजे एकदा पट्टीच्या आत मीठ गेलं की पाऊस नसतानाही पत्रा ओलाच. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून गंजण्याची क्रिया साध्या पाण्यापेक्षा झपाट्याने चालते. बंद पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेल्या गाड्या उघड्यावरच्या गाड्यांपेक्षा वाईट निघतात त्याचं कारणही बहुतेक हेच. कव्हरखालचा दमटपणा हटत नाही.

कोळीवाड्यातल्या व्हॅन बघितल्या तर हे एका नजरेत पटतं. ससून डॉकवरून किंवा भाऊच्या धक्क्यावरून मासळीच्या टोपल्या आणि बर्फ नेणाऱ्या गाडीच्या फ्लोअरवर खारं पाणी रोज सांडतं. त्यांचे मालक मात्र आपल्यापेक्षा शहाणे. धंदा झाला की होज पाइप घेऊन फ्लोअर गोड्या पाण्याने धुतात, आणि मॅट कधी घालत नाहीत. जुनी व्हॅन विकत घेताना मागच्या भागात नवी मॅट आणि अत्तराचा वास असेल तर मॅट उचलायला सांगा.

वेल्डिंग

पत्रा कुजलेला निघाला तर दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, "पॅच मारतो, दोन तासांत गाडी घेऊन जा." तो रिव्हेट ठोकतो, वर लांबी (पुट्टी) भरतो, काळा कोट मारतो. सस्पेन्शनच्या जागेवर हे कधीही करू देऊ नका. दाराच्या खालच्या कोपऱ्याला चालेल, कारण दार ॲक्सल धरत नाही. दुसरा म्हणतो, गाडी दोन-तीन दिवस लागेल, कापावं लागेल. त्याच्याकडे जा.

कापताना चमकणारं, निरोगी लोखंड दिसेपर्यंत कापायचं. अर्धवट कुजलेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, बाजूला नवं भोक पडतं. नवा तुकडा मूळ पत्र्याच्या जाडीचाच हवा. चांगल्या जागी व्हर्नियरने मोजून घ्या. जाड पत्रा जास्त मजबूत असं मिस्त्री सांगतील, पण जाड तुकड्याच्या कडेला पातळ पत्र्यावर सगळा ताण येतो आणि तिथे चीर जाते. गॅस वेल्डिंगने मोठा भाग तापतो, पत्रा वाकतो, आतला उरलासुरला रंग जळतो, म्हणून सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड सोडत तारेने केलेलं) सांगा.

वेल्डिंगआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढायचे. मॅट, वायरिंग, फोम बाजूला. सीएनजीची टाकी गाडीत ठेवून शेजारी वेल्डिंग करणारे लोक आहेत, त्यांना सरळ नाही म्हणा. टाकी किटवाल्याकडूनच उतरवून घ्या. ती नाहीतरी दर तीन वर्षांनी चाचणीसाठी उतरवावी लागते, दोन्ही कामं एकत्र होतात. फ्रेमच्या भोकांना या वेळी प्रायमर लावून घ्या.

वेल्ड झाल्यावर बाहेरून झिंक प्रायमर, जोडांवर सीलर, मग रंग. हे सगळे करतात. आतून काय, हे कुणी विचारत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टीच्या आतला रंग जळलेला असतो, आणि ती बाजू पुन्हा उघडणार नाही. पातळ नळीने भोकातून आत मेण किंवा रस्ट प्रूफिंगचं द्रव्य फवारावं लागतं. ते स्वतः उभं राहून करून घ्या. पाणी जायची भोकं नंतर तारेने मोकळी करा.

दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट, स्ट्रटचे बुरूज आणि सीट बेल्टच्या जागा, सगळंच 'थप्' वाजत असेल तर माझं मत विचाराल तर गाडी भंगारात द्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, पुढे पाच-पाच वर्षांनी. तो खर्च करण्याआधी हातोडी फिरवा, नंतर नको.

बुश बसवताना

पत्रा नीट झाला की मगच नवे रबर. इथे एक चूक बहुतेक गॅरेजमध्ये होते आणि आवाज परत येण्याचं ते दुसरं मोठं कारण आहे. गाडी वर उचललेली, चाकं लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत बुशचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबर आतल्या नळीला चिकटलेला असतो. गाडी खाली येते तेव्हा आर्म वर जातो आणि रबर कायमचा पिळलेला राहतो. मग तो काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची, आणि मगच शेवटचं आवळायचं. आमच्या आधीच्या तीनही वेळा हे झालं नव्हतं. पत्रा चांगला असता तरी ते बुश फार टिकले नसते.

रबर नवेच घ्या. ऑपेरा हाउसच्या बाजूच्या दुकानांत मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, तिथून दाराचं हँडल आणा, आरसा आणा, बुश आणि बॉल जॉइंट नको. मुंबईत मोडलेल्या गाडीचा लोखंडी आर्म घेणार असाल तर हातोडी खिशात ठेवा.

पाट्यांच्या गाडीत ॲक्सल आणि पाटे एकत्र बांधणारे यू बोल्ट पाचशे ते हजार किलोमीटरने पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे किंवा नवी गादी बसली की ते थोडे सैल होतात.

आता दरवर्षी काय करतो

बहुतेक लोक मे महिन्याच्या शेवटी घाईने अंडरकोटिंग मारतात. तेव्हा हवा दमट झालेली असते, तळ नीट सुकत नाही, आणि मिठावर डांबरी कोट बसतो. मग तो कोट पाणी बाहेर ठेवत नाही, आतच कोंडतो. मी वेळ बदललीय. पाऊस संपला की ऑक्टोबरात तळ गोड्या पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुतो, पट्ट्यांच्या भोकांतूनही पाणी सोडतो, बाहेर पडणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. महिनाभर गाडी उन्हात चालवतो. डिसेंबर-जानेवारीत कोरडी हवा असताना कोट आणि आतून मेण. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलो तर त्याच आठवड्यात पुन्हा धुतो.

आमच्या वाडीतले एक काका अजून दरवर्षी तळाला डिझेल आणि जळकं इंजिन ऑइल मारतात. गंज थोडा थांबतो हे खरं, पण तेलाने रबर फुगतो आणि मऊ होतो. काकांच्या गाडीचा तळ छान आहे. बुश दरवर्षी बदलतात.

आमची गाडी ब्रॅकेट नवा बसल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, मागे शांत आहे. माघी गणपतीला पुन्हा त्याच रस्त्याने जाऊन आलो. आता फक्त सरकत्या दाराची खडखड राहिलीय. मधला रोलर झिजलाय, तो रविवारी बदलणार आहे. त्याच्या रुळाखालीही आधी हातोडी फिरवीन.